आमचे बारा वाजले ती रात्र : नेब्रास्काचा एन्डामुकन सू

लिंकनचा_वाटसरू

परवा कबड्डीच्या धाग्यावर वाद रंगला होता की हार चढाईवाल्याच्या गळ्यात आणि पकडीवाल्याला नुसत्या टाळ्या, हे किती दिवस चालायचं. मी तिथे "अमेरिकेतही हेच रडगाणं आहे" एवढं लिहून सटकलो. तिघाचौघांनी हटकलं की अर्धवट टाकून पळू नका. म्हणून हा वेगळा धागा. फुटबॉल म्हणजे आपला लाथेचा नव्हे, तो अंड्याच्या आकाराच्या चेंडूचा, शिरस्त्राणं घालून खेळायचा. ज्यांना त्याचं काही पडलेलं नाही त्यांनीही वाचा, नियम फार सांगणार नाही.

ऑगस्ट २००७ मध्ये मी दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन लिंकनला उतरलो. नेब्रास्का म्हणजे मका, गाई आणि इंटरस्टेट ८०. राज्यात व्यावसायिक फुटबॉलचा संघ नाही, त्यामुळे विद्यापीठाचा संघ हेच कुलदैवत. लिंकनचं मेमोरियल स्टेडियम नोव्हेंबर १९६२ पासून प्रत्येक सामन्याला पूर्ण विकलं गेलेलं. सामन्याच्या दिवशी आत ऐंशी हजारांवर माणूस असतो, आणि तेवढा वेळ ते स्टेडियम राज्यातलं तिसरं मोठं शहर ठरतं असं लोक कौतुकानं सांगतात. आम्ही देशी पोरं त्या वेळात किराणा आणायला जायचो. दुकानात आम्ही आणि कंटाळलेला कॅशियर, तिसरं कुणी नाही.

आमच्या पहिल्याच हंगामात संघाची पार वाट लागली. ३ नोव्हेंबर २००७ ला कॅन्ससनं आमच्यावर ७६ गुण चढवले. ७६-३९. हा आकडा बास्केटबॉलचा वाटतो, पण फुटबॉलचाच आहे, आणि नेब्रास्कानं त्याआधी कधीच कुणाला इतके गुण दिले नव्हते. हंगाम ५ विजय, ७ पराभव असा संपला आणि प्रशिक्षक बिल कॅलहन यांची गच्छंती झाली. त्या दिवशी मार खाणाऱ्या बचावफळीत ९३ नंबरचा एक पोरगा होता. सहा फूट चार इंच उंच, वजन तीनशे पौंड, म्हणजे आपले १३६ किलो. अख्ख्या हंगामात त्याच्या नावावर फक्त एक सॅक. सॅक म्हणजे समोरचा मुख्य फेकणारा, क्वार्टरबॅक, चेंडू हातात घेऊन कुणाला द्यावा याचा विचार करत असतानाच त्याला मागच्या मागे आडवा करणं.

हा पोरगा म्हणजे एन्डामुकन सू. गाव ओरेगनमधलं पोर्टलंड. वडील कॅमेरूनचे, आई जमैकाची, पेशानं शिक्षिका. वडिलांकडच्या एन्गेम्बा भाषेत त्याच्या नावाचा अर्थ भाल्यांचं घर. लहानपणी तो खरा फुटबॉल, म्हणजे आपला लाथेचाच, खेळायचा. बहीण न्गुम तर पुढे कॅमेरूनच्या राष्ट्रीय संघाकडून तोच खेळ खेळली. हा मात्र अंगानं इतका वाढला की त्या खेळात मावेना. २००५ मध्ये नेब्रास्काला आला, दोन सामने खेळला, गुडघा गेला, शस्त्रक्रिया झाली, वर्ष बुडालं. तिकडे अशा दुखापतीत वर्ष मोजणीतून वगळतात, म्हणूनच तो २००९ पर्यंत खेळू शकला. हे लक्षात ठेवा, कारण तो गुडघा गेला नसता तर २००९ घडलंच नसतं.

२००८ मध्ये बो पेलिनी प्रशिक्षक म्हणून आला. एलएसयूच्या, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या, बचावाची धुरा सांभाळून, त्यांना राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देऊन आलेला, तोंडानं फाटका माणूस. बाजूरेषेवर त्याचा चेहरा बघितला की आमच्या गावच्या एसटी कंट्रोलरची आठवण यायची. नेब्रास्कात एक जुनी रीत आहे. सरावात बचावाच्या पहिल्या फळीला काळे शर्ट मिळतात, म्हणून त्यांना ब्लॅकशर्ट्स म्हणतात. १९६० च्या दशकात बॉब डेव्हनी यांच्या काळात सुरू झालेली ही रीत. पेलिनीनं आल्या आल्या ते शर्ट वाटलेच नाहीत. आधी कमवा म्हणाला.

आणि सूनं कमावले. २००८ मध्ये ७६ टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं म्हणजे टॅकल), साडेसात सॅक. सॅक साडेसात कशा, तर दोघांनी मिळून पाडला की प्रत्येकाला अर्धी. ७६ हा आकडा संघात सर्वाधिक होता, आणि खरी गोष्ट तीच आहे. सू खेळायचा डिफेन्सिव्ह टॅकलच्या जागी, म्हणजे अगदी मधोमध, जिथे रेटारेटी असते. त्या जागेवरच्या माणसाचं काम खड्ड्यात उभं राहून दोन बैल अंगावर घेणं. पळणाऱ्याला पकडण्याचं श्रेय त्याच्या मागे मोकळे उभे असलेले लाइनबॅकर घेतात. खड्ड्यातल्या माणसानं संघात सर्वाधिक टॅकल करणं म्हणजे यष्टिरक्षकानं सर्वाधिक बळी घेण्यासारखं आहे.

त्याच हंगामात त्यानं दोनदा समोरच्याचा पास हवेत पकडून थेट टचडाऊन केलं, म्हणजे चेंडू घेऊन त्यांच्या बाजूची शेवटची रेषा गाठली. त्यातलं एक कोलोरॅडोविरुद्ध. आमच्या अ‍ॅलेक्स हेनरीनं ५७ यार्डांवरून लाथ मारून चेंडू दांड्यांमधून घातला, संघ दोन गुणांनी पुढे गेला, आणि लगेच सूनं पास हिसकावून तीनशे पौंड घेऊन धाव ठोकली. ४०-३१. माझा रूममेट नागपूरचा. तो ओरडला, "अबे, रणगाडा पळून राहिला!" तेव्हापासून आमच्या घरात सूचं नाव रणगाडा.

२००९ बद्दल थोड्या वेळानं लिहितो, पोराला पोहायला न्यायचंय.

कबड्डीवेडा_सांगली

वाटसरू, हे असं मधेच थांबणं म्हणजे पाहुण्याला पाटावर बसवून वाढपी गायब. पण लेख झकास. माझा एक बाळबोध प्रश्न. दोन माणसं अंगावर येतात हे कळलं. पण हा नेमकं करायचा काय? आमच्याकडे कोपरारक्षक घोटा धरतो, मध्यरक्षक छातीवर घेतो, त्याला डाव असतो. नुसत्या ताकदीवर कोण किती दिवस टिकणार?

शंकेखोर

आकडेवारी बरी आहे, पण हा तोच सू ना, ज्यानं २०११ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या सामन्यात खाली पडलेल्या माणसाच्या दंडावर बूट मारला होता? दोन सामन्यांची बंदी आली होती. त्याचे पोवाडे गायचे का आपण?

ओव्हरथ्रो

धाग्याचं काश्मीर व्हायला तिसऱ्या प्रतिसादालाच सुरुवात. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

लिंकनचा_वाटसरू

@शंकेखोर, हो, तोच. २४ नोव्हेंबर २०११, डेट्रॉईट लायन्सकडून ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध, इव्हान डीट्रिच-स्मिथच्या अंगावर. बंदी योग्यच होती. दंड तर त्याला व्यावसायिक खेळात कितीदा झाला याची गणती नको. मी त्याचं समर्थन करत नाही. धागा मात्र त्याच्या कॉलेजातल्या खेळावर आहे, तेवढ्यापुरता मी भाट आहे असं समजा.

@कबड्डीवेडा, प्रश्न बाळबोध नाही, वर्मावरचा आहे. साधारणपणे त्या रेटारेटीतल्या प्रत्येकाला एक फट नेमून देतात. चेंडू हलला की डोळे मिटून त्या फटीत घुसायचं. पेलिनीच्या पद्धतीत मधल्यांना दोन फटी सांभाळायला असायच्या. म्हणजे घुसायचं नाही. समोरच्याच्या छातीवर दोन्ही हात रोवायचे, हात ताठ ठेवून त्याला अंतरावर धरायचं, चेंडू डावीकडे जातोय की उजवीकडे ते बघायचं, आणि मग त्या माणसाला पोत्यासारखा बाजूला फेकून तिकडे जायचं. हे सगळं दीड-दोन सेकंदांत. ताकद तर लागतेच, पण त्याहून जास्त लागतं ते थांबणं. सूचे हात लांब होते आणि डोळे शांत होते. बाकीचे उडी घेऊन चुकायचे, हा बघून मारायचा.

शिवाय एक हिशोब बघा. सूवर दोघं लावले की शेजारचा मोकळा. त्याच्या शेजारी जॅरेड क्रिक नावाचा पोरगा होता. २००९ मध्ये बेलरविरुद्ध त्यानं एका सामन्यात पाच सॅक केल्या, शाळेचा विक्रम. (तिकडे विद्यापीठालाही स्कूलच म्हणतात, सवय झालीये.) त्या पाचांतल्या निम्म्या मी मनातल्या मनात सूच्या खात्यावर टाकतो.

कबड्डीवेडा_सांगली

आता समजलं. आमचे वस्ताद पोरांना हेच शिकवतात. आगाऊ उडी घेऊ नका, चढाईवाल्याचं वजन कुठल्या पायावर पडतंय ते बघा, तो पाय उचलला की दुसरा धरा. फजल अत्राचली डाव्या कोपऱ्यात उभा राहतो तेव्हा बघा, निम्मा वेळ नुसता बघत असतो. पोरांना वाटतं आळस आहे.

ओमाहाची_आक्का

वाटसरू, तुमचा धागा वाचून गहिवरले. आम्ही १९९८ पासून ओमाहात. अहो, सूचं एक तुम्ही लिहिलंच नाहीत. तो बांधकाम व्यवस्थापन शिकत होता, अभियांत्रिकी महाविद्यालयात, आणि डिसेंबर २००९ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. खेळाडू शिकतात म्हणजे काय शिकतात हे आपल्याला माहीत आहे, हा खरंच शिकला. २००८ नंतर व्यावसायिक संघांत जायची संधी होती, तरी शेवटचं वर्ष खेळायला आणि पदवी पुरी करायला थांबला. पुन्हा गुडघा गेला असता तर? त्याच्या आईचं मला फार कौतुक वाटतं. माझा मुलगा त्या वेळी दहावीच्या वयाचा. त्याला मी उठता बसता सांगायचे, बघ, तीनशे पौंडांचा माणूस अभ्यास करतो, तुला पंच्याहत्तर किलोला काय झालं?

आणि एप्रिल २०१० मध्ये, व्यावसायिक खेळाचा पहिला पगार हातात पडायच्या आधीच, त्यानं विद्यापीठाला २६ लाख डॉलर देणगी जाहीर केली. २० लाख व्यायामशाळेसारख्या सोयींसाठी आणि ६ लाख अभियांत्रिकीच्या शिष्यवृत्तीसाठी.

शंकेखोर

हे माहीत नव्हतं. माझा आक्षेप अर्धा मागे. अर्धी सॅक म्हणा.

झुणकाभाकर

आक्का, देणगी मोठीच, पण मला एक खुपतं. पाच वर्षं हा पोरगा दर शनिवारी ऐंशी हजारांचं स्टेडियम भरतो, ९३ नंबरचे शर्ट दुकानात लटकतात, प्रशिक्षक लाखोंनी पगार घेतो, आणि पोराला काय, तर फी, खोली आणि जेवण. वर त्यानंच विद्यापीठाला देणगी द्यायची? आमच्याकडे साखर कारखान्यात ऊस घालून वर सभासद म्हणून वर्गणी भरतात तसं झालं हे.

ओमाहाची_आक्का

झुणकाभाकर, ते खरंच आहे हो. आता बदललंय. जुलै २०२१ पासून पोरांना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातीतून पैसे मिळवायची मुभा मिळाली, आणि २०२५ पासून विद्यापीठं थेट उत्पन्नातला वाटा देऊ लागली. सू बारा वर्षं आधी जन्मला, एवढंच. देणगी मात्र त्यानं मनापासून दिली असं मला वाटतं. आपला गाववाला मुंबईत चार पैसे कमावू लागला की आधी देवळाचा कळस करतो, तसं ते.

लिंकनचा_वाटसरू

पोहणं आटोपलं. आता २००९.

मी त्या वर्षी मे महिन्यात पदवी घेऊन ओमाहात नोकरीला लागलो होतो. सामने नागपूरकराच्या घरी, जमिनीवर गाद्या टाकून बघायचो. हंगाम विचित्र होता. बचाव देशात पहिल्या क्रमांकाचा, सरासरी साडेदहाच्या आत गुण देणारा. आणि आक्रमण असं की आम्ही चेंडू आमच्याकडे आला की चहा टाकायला उठायचो. व्हर्जिनिया टेककडून १६-१५ असे हरलो. आयोवा स्टेटनं घरी येऊन ९-७ असं हरवलं, त्या दिवशी आमच्या लोकांनी चेंडू आठ वेळा गमावला. आठ! ओक्लाहोमाला १०-३ असं हरवलं, तेही बचावाच्या जिवावर.

त्यात ८ ऑक्टोबरची मिझुरीतली गुरुवारची रात्र. धो धो पाऊस, अगदी आपल्या जुलैतला. तीन चतुर्थांश सामना संपला तेव्हा आपण ०-१२ मागे. मग शेवटच्या भागात २७ गुण. त्या पावसात सू आणि त्याचे भिडू समोरच्या क्वार्टरबॅकच्या, ब्लेन गॅबर्टच्या, मागे लागले होते. पडलेला चेंडू, हुकलेला पास, आणि एक पास सूनं स्वतः पकडला. गॅबर्ट पुढे व्यावसायिक खेळात गेला, पण त्या रात्री त्याच्या डोळ्यांत जे दिसत होतं ते मी लहानपणी विहिरीत ढकलल्यावर माझ्या चुलतभावाच्या डोळ्यांत पाहिलं होतं.

आणि मग ५ डिसेंबर.

बिग ट्वेल्व्ह गटाचा अंतिम सामना, टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला, त्याच वर्षी उघडलेल्या काउबॉइज स्टेडियमवर. समोर टेक्सास, बाराच्या बारा सामने जिंकून आलेलं. त्यांचा क्वार्टरबॅक कोल्ट मकॉय, हाइजमन करंडकाचा दावेदार. (हाइजमन म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान.) आम्ही ९ विजय, ३ पराभव. टेक्सास जिंकलं की राष्ट्रीय अंतिम सामन्यात. सगळ्यांनी गृहीत धरलेलं.

त्या रात्री सूनं काय केलं ते आकड्यांत सांगतो, कारण विशेषणं कमी पडतात. १२ टॅकल. त्यातले ७ समोरच्याला मागे रेटणारे. साडेचार सॅक. एकट्या माणसाच्या. संघाच्या मिळून नऊ. मकॉयचे तीन पास आमच्या लोकांनी पकडले. एकदा तर सूनं मकॉयला एका हातानं शर्टाला धरून असा भिरकावला की नागपूरकर उठून उभा राहिला आणि काहीच बोलला नाही. सव्वादोन वर्षांत त्याला गप्प बसलेला मी तेव्हाच पाहिला.

आणि आमचं आक्रमण? पूर्ण सामन्यात १०६ यार्ड. टचडाऊन शून्य. हेनरीच्या चार लाथा, प्रत्येकी तीन गुण, झाले बारा. शेवटची लाथ बसली तेव्हा १ मिनिट ४४ सेकंद उरलेले, १२-१० पुढे. आम्ही एकमेकांच्या पाठीवर गुद्दे मारतोय. मग आमच्या माणसानं सुरुवातीची लाथ सीमारेषेबाहेर मारली, टेक्सासला फुकटात चांगली जागा. लगेच आमच्या माणसानं पळणाऱ्याची मागून कॉलर ओढली, दंड १५ यार्ड. सू या दोन्हींत कुठेच नव्हता. शेवटी मकॉय चेंडू घेऊन बाजूला पळाला, पळाला, घड्याळ पळतंय, आणि त्यानं चेंडू बाहेर फेकला. घड्याळ ०:००. आमचे खेळाडू मैदानात. आम्ही गादीवर नाचतोय. पंचांनी पडद्यावर पुन्हा पाहिलं आणि एक सेकंद परत टाकला. हंटर लॉरेन्सनं ४६ यार्डांवरून लाथ मारली. १३-१२.

आमचे बारा वाजले ते असे.

ऑस्टिनकर

वाटसरूभाऊ, इतका वेळ गप्प बसलो होतो. मी २००९ मध्ये ऑस्टिनला होतो आणि त्या रात्री सहाव्या रस्त्यावर नाचत होतो. तो एक सेकंद कुणी टाकला नाही, तो तिथे होताच! चेंडू सीमेबाहेर कशाला तरी लागला की घड्याळ थांबतं. तो कठड्याला लागला तेव्हा घड्याळात एक सेकंद दिसत होता. चित्रफीत आजही आहे, हवं तर थांबवून थांबवून बघा.

आणि मकॉयला असं लुळंपांगळं दाखवू नका. ४५ विजय होते त्या पोराच्या नावावर कॉलेजात, तेव्हाचा विक्रम. त्या रात्री नऊ वेळा आपटूनसुद्धा शेवटची चाल त्यानंच आणली.

लिंकनचा_वाटसरू

ऑस्टिनकर, या रामराव या. कठडा आम्ही पंधरा वर्षं बघतोय. सेकंद होता हे मी आता मान्य करतो. नागपूरकर करत नाही. त्याच्या मते घड्याळवाला जावई होता कुणाचा तरी.

पण तुम्हीच सांगा, त्या रात्री मैदानावर सर्वोत्तम कोण होता?

ऑस्टिनकर

सू. हे विचारायचं नसतं. मी पबात होतो, आमचेच लोक ओरडत होते की याला कुणीतरी धरा. शेवटी आम्ही जिंकलो आणि सगळे घरी जाताना सूबद्दल बोलत होते.

तशी आमची मजाही फार टिकली नाही. ७ जानेवारीला अलाबामाविरुद्ध मकॉय पहिल्या काही चालींतच खांद्याला लागून बाहेर गेला, ३७-२१ असे हरलो.

ओव्हरथ्रो

मग करंडक कुणाला मिळाला? आता उत्सुकता लागली.

लिंकनचा_वाटसरू

तोच तर या धाग्याचा मुद्दा. एका आठवड्यानं न्यूयॉर्कला समारंभ. अलाबामाचा धावपटू मार्क इंग्रम १३०४ गुणांनी पहिला. स्टॅनफर्डचा टोबी गेरहार्ट १२७६, म्हणजे जेमतेम २८ गुणांनी मागे, हाइजमनच्या इतिहासातली सर्वांत चुरशीची मतमोजणी. तिसरा कोण? कोल्ट मकॉय, ११४५. चौथा सू, ८१५.

पुन्हा वाचा. आठवड्यापूर्वी ज्याला एका हातानं भिरकावलं, तो माणूस मतांत सूच्या वर.

मतं देणारे पत्रकार आणि जुने विजेते. जुने विजेते जवळजवळ सगळे चेंडू घेऊन पळणारे किंवा फेकणारे. दोष मी त्यांना देत नाही. धावपटूचे यार्ड मोजता येतात, टचडाऊन मोजता येतात. दोघांना अंगावर घेऊन शेजाऱ्याला मोकळं सोडलं, याला रकाना नाही. तरी १६१ जणांनी सूला पहिलं मत दिलं, आणि मधल्या खड्ड्यातल्या माणसाला इतकी मतं ही स्वतःच एक बातमी होती. असोसिएटेड प्रेसनं त्यालाच वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं. १९९८ मध्ये तो पुरस्कार सुरू झाल्यापासून बचावातला पहिलाच. आउटलंड, लोम्बार्डी, नागर्स्की, बेडनारिक हे बचावपटूंचे आणि रेटारेटीवाल्यांचे मान तर त्यानं झाडूनच नेले.

रिटायर्ड_मास्तर

चर्चा वाचनीय. एक शंका. बचावातल्या कुणालाच तो करंडक कधी मिळाला नाही काय?

लिंकनचा_वाटसरू

मास्तर, नमस्कार. मिळाला, पण मेख आहे. १९९७ मध्ये मिशिगनच्या चार्ल्स वुडसनला मिळाला. तो मूळचा बचावपटू, पण लाथेनं आलेले चेंडू घेऊन पळायचा आणि अधूनमधून आक्रमणात पासही झेलायचा. २०२४ मध्ये कोलोरॅडोच्या ट्रॅव्हिस हंटरला मिळाला, पण तो दोन्ही बाजूंनी पूर्ण वेळ खेळायचा. नुसता बचाव करून दुसऱ्या क्रमांकापर्यंत लोक गेले. १९८० मध्ये पिट्सबर्गचा ह्यू ग्रीन, २०१२ मध्ये नोत्र दामचा मँटाय टेओ, २०२१ मध्ये मिशिगनचा एडन हचिन्सन. करंडक नाही. म्हणजे पकडीवाल्याला हार हवा असेल तर त्यानं मधूनच चढाई करून दाखवायची.

कबड्डीवेडा_सांगली

आमच्या गल्लीत एक म्हातारे आहेत, जन्मभर मध्यरक्षक खेळले. त्यांचं एकही कात्रण नाही. कात्रणात फोटो चढाईवाल्याचा, हे त्यात कुठेतरी मागे, चढाईवाल्याच्या काखेतून दिसणारे. त्यांना मी विचारलं, वाईट नाही वाटत? म्हणाले, "फोटो काढणारा माझ्या मागं उभा असतो रं."

ओमाहाची_आक्का

वा! आमच्या ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

झुणकाभाकर

प्रतिसादाला दंडवत. पण एक विचारू? टेक्सासच्या सामन्यानंतर सूचं शेवटचं काय झालं?

लिंकनचा_वाटसरू

शेवटचा कॉलेज सामना ३० डिसेंबरला सॅन दिएगोत, हॉलिडे बाउल. ॲरिझोनाला ३३-० असं हरवलं. समोरच्याला एकही गुण नाही. आमच्या आक्रमणाला त्या दिवशी कुठून हुक्की आली कोण जाणे, ५ डिसेंबरला चार गुण जास्त केले असते तर काय बिघडलं असतं. हंगाम १०-४. सूच्या त्या वर्षाच्या खात्यात ८५ टॅकल, पुन्हा संघात सर्वाधिक, १२ सॅक, १० अडवलेले पास, ३ अडवलेल्या लाथा. चार हंगाम मिळून २४ सॅक, त्यातल्या निम्म्या एकाच वर्षी.

पुढे व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा डेट्रॉईटनं दुसऱ्याच क्रमांकावर उचलला, मयामीला गेला, रॅम्सकडे गेला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये टँपा बेकडून सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकला. त्या रात्री मी नागपूरकराला फोन केला. तो आता बंगळुरूला असतो, तिकडे सकाळ होती, कामावर निघायच्या घाईत. म्हणाला, "रणगाडा जिंकला ते ठीक बे, पण त्या सेकंदाचं काय?"

ऑस्टिनकर

त्याला सांगा, कठडा.

लिंकनचा_वाटसरू

सांगून थकलो.

शंकेखोर

रात्री पूर्ण सामना बघितला. माझा उरलेला अर्धा आक्षेपही स्थगित. शर्टाला धरून फेकलेला प्रसंग सहा वेळा मागे घेऊन पाहिला. बायको म्हणाली, हे खेळतात की भांडतात?

कबड्डीवेडा_सांगली

मीही पाहिला. आणि आज संध्याकाळी सरावानंतर पोरांना मोबाइलवर दाखवला, फक्त ९३ नंबरच्या चाली. चेंडू कुठाय ते त्यांना कळेना, मी म्हटलं चेंडू बघूच नका, त्याचे हात बघा. दहा मिनिटं सगळे चिडीचूप. मग आमच्या उजव्या कोपऱ्यातला, सहावीतला पोरगा म्हणाला, "सर, हा दोघांना धरून थांबतोय. याची साखळी कुठाय?" मी म्हटलं, नाही त्याला साखळी. तो जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मग यानं बोनस द्यायचा होता ना."

वाटसरू, याला काय उत्तर देऊ? उद्या पुन्हा विचारणार आहे तो.